कॅमेऱ्याच्या फोटोत ठिकाणाची नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, नोंद ठेवणारे, पाणवठ्यावर पक्षी मोजणारे, पाणलोटाच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो जपणारे, नागपूरजवळच्या जुनापाणीसारख्या ठिकाणी शिळावर्तुळे टिपणारे, या सगळ्यांना एकच अडचण येते. कॅमेऱ्याचा फोटो मोबाइलपेक्षा कितीतरी चांगला निघतो, पण दोन वर्षांनी पाहिला तर तो कुठला, हे सांगता येत नाही. खालचे प्रश्न त्यांच्यासाठी आहेत.

मोबाइलच्या फोटोत ठिकाण आपोआप येते. कॅमेऱ्यात का येत नाही?

बहुतेक कॅमेऱ्यांत जीपीएसचा रिसीव्हरच नसतो. काही मॉडेलांत तो आहे. कॅननचा ६डी, निकॉनचा डी५३०० आणि लांब झूमचा पी९०० यांच्या मेनूत जीपीएस चालू करण्याची सोय आहे. ती चालू केली की बॅटरी लवकर उतरते, म्हणून एक जादा बॅटरी सोबत असावी. तुमच्या कॅमेऱ्यात ही सोय नसली तरी नवा कॅमेरा घ्यायची गरज नाही. खिशातला फोन ते काम करतो.

ठिकाण फोटोत नेमके कुठे लिहिले जाते? त्याने फोटोचा दर्जा कमी होतो का?

नाही. कॅमेऱ्यातून निघालेल्या प्रत्येक जेपीजी फाइलच्या सुरुवातीला एक्झिफ नावाचा माहितीचा भाग असतो. शटरचा वेग, लेन्स, तारीख-वेळ त्यातच असते. अक्षांश, रेखांश, उंची यांचे रकानेही तिथेच आहेत, फक्त कॅमेरा ते रिकामे ठेवतो. नोंद घातली की तेवढा भाग बदलतो, चित्राला हात लागत नाही. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलच्या बाबतीत मात्र मूळ फाइलमध्ये लिहिण्यापेक्षा तिच्या शेजारी त्याच नावाची, फक्त माहिती ठेवणारी एक्सएमपी फाइल ठेवणे बरे. रॉ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताना ही छोटी फाइल मागे राहिली तर ठिकाणही मागे राहते.

मग मार्ग कोणते, आणि कोणता धरावा?

तीन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे कॅमेरा ब्लूटूथने फोनला जोडणे. निकॉनचे स्नॅपब्रिज, कॅननचे कॅमेरा कनेक्ट अशी कंपन्यांची अ‍ॅपे यासाठी आहेत. जोडणी टिकली तर फोटो काढतानाच ठिकाण बसते, नंतर काही करावे लागत नाही. पण फोनने बॅटरी वाचवायला ते अ‍ॅप झोपवले की कॅमेऱ्याला खबर नसते, आणि पन्नास फोटोंनंतर तुमच्या ध्यानात येते.

दुसरा म्हणजे फोनवर दिवसभराच्या वाटचालीचा ट्रॅक नोंदवायचा आणि घरी आल्यावर वेळेच्या आधाराने फोटोंशी जुळवायचा. फिरतीच्या कामासाठी आम्ही हाच सुचवतो. फोटो शंभर असोत की हजार, मेहनत तेवढीच.

तिसरा अगदी साधा आहे, आणि एका जागी थांबून केलेल्या कामाला सगळ्यात भरवशाचा. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर फोनने एक फोटो काढायचा आणि नंतर संगणकावर त्यातले ठिकाण कॅमेऱ्याच्या फोटोंत उतरवायचे. एका दिवसात चार तलाव पाहायचे असतील तर चार फोनफोटो पुरतात. यात घड्याळाची भानगडच नाही.

ट्रॅक नोंदवताना फोनवर काय काय करून ठेवायचे?

ओएसएमअँडसारखे जीपीएक्स फाइल, म्हणजे ट्रॅकची फाइल, देणारे कुठलेही अ‍ॅप चालते. नोंदीचे अंतर पायी फिरताना ५ सेकंद ठेवा. माणूस तेवढ्यात ६-७ मीटर चालतो, तेवढी बारकाई पुरे. मोटारसायकलवर असाल तर २ सेकंद. आठ तासांचा ५ सेकंदांचा ट्रॅक म्हणजे ५,७६० बिंदू, फाइल जेमतेम एक एमबीची. जागेची चिंता नको.

मग सगळ्यात महत्त्वाचे. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी बचत बंद करा आणि त्याला मागे चालत राहायची पूर्ण मुभा द्या. हे एक सेटिंग विसरल्यामुळे जितके ट्रॅक वाया जातात, तितके दुसऱ्या कशानेच जात नाहीत. असा तुटलेला ट्रॅक नकाशावर लगेच ओळखू येतो. तलावाच्या पाळीवरून वळत जाणारी रेघ मध्येच सुटते आणि थेट पाण्यावरून पलीकडच्या सांडव्याशी जाऊन मिळते. तुम्ही पाण्यावरून चालला नव्हता. अ‍ॅप तेवढा वेळ झोपले होते.

फोन पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तरी जीपीएसला अडथळा होत नाही. लोखंडी पेटीत किंवा गाडीच्या पत्र्याच्या डिकीत टाकला तर होतो. एसटीने जाताना खिडकीजवळ बसा. मे महिन्यात उन्हात हँडलवर लावलेला फोन तापून बंद पडतो, तेव्हा तो सावलीत आणि पॉवर बँकेसह असू द्या.

मेळघाटात, भामरागडकडे रेंजच नसते. तिथे जीपीएस चालेल का?

चालेल. हा गैरसमज फार खोल रुजला आहे. जीपीएसचा संदेश थेट उपग्रहाकडून येतो. त्याला सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही. रेंज असली की फोन उपग्रहांच्या जागांची माहिती नेटवरून पटकन उचलतो, एवढाच फरक. रेंज नसेल तर हीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू घ्यावी लागते आणि पहिली जागा सापडायला काही मिनिटे लागू शकतात. म्हणून निघण्यापूर्वी मोकळ्या अंगणात अ‍ॅप सुरू करून जागा पक्की होऊ द्या, मग पाऊल उचला. त्या भागाचा नकाशाही गावातच उतरवून घ्या. रेंज नसताना नकाशाचा पडदा कोरा दिसतो आणि लोकांना वाटते जीपीएस बंद पडले. ट्रॅक मात्र नोंदला जात असतो.

कॅमेऱ्याचे घड्याळ कसे जुळवायचे?

या सगळ्या कामाचा जीव घड्याळात आहे. संगणक फोटोतली वेळ बघतो, ट्रॅकमध्ये त्या वेळेला तुम्ही कुठे होता ते शोधतो आणि ते ठिकाण फोटोत लिहितो. दुसरी काही हुशारी त्यात नाही. घड्याळ एक मिनिट चुकले तर पायी चालताना ७०-८० मीटरची चूक होते, म्हणजे फोटो शेजारच्या वावरात पडतो. मोटारसायकलवर ताशी ४० किलोमीटरने जाताना तीच चूक साडेसहाशे मीटरच्या पुढे जाते.

कॅमेऱ्याचे घड्याळ रोज एखाद-दोन सेकंद पुढेमागे होणे हे साधारणच आहे. महिनाभर लक्ष दिले नाही तर अर्धे मिनिट सहज जाते. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली तर तारीखच मूळ पदावर जाते आणि दिवाळीतले फोटो कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला पडतात.

करायचे असे. फोनवर सेकंद दाखवणारे घड्याळ उघडा. कॅमेरा त्याच्या अगदी जवळ न्या, सेकंदाचा आकडा ठळक येईल असे फोकस करा आणि फोटो घ्या. कामाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक. घरी आल्यावर फोटोत दिसणारी वेळ आणि त्याच फोटोच्या एक्झिफमधली वेळ शेजारी मांडा. समजा फोनच्या पडद्यावर १०:११:३३ आहे आणि एक्झिफ १०:१४:०८ म्हणते, तर कॅमेरा २ मिनिटे ३५ सेकंद पुढे आहे. तेवढे वजा करायचे. कॅमेऱ्याच्या घड्याळाला हातही न लावता फरक निघतो, शिवाय त्या दिवसाचा पुरावा फोटोंच्याच फोल्डरमध्ये राहतो.

फोनवर वेळ आपोआप घेण्याचे सेटिंग चालू असू द्या. आठवडाभर रेंजबाहेर राहणार असाल तर ट्रॅक नोंदवणाऱ्या अ‍ॅपमधली जीपीएसची वेळ वापरा, ती चुकत नाही.

कॅमेऱ्यात टाइम झोनही विचारतो. काय ठेवायचे?

भारतीय वेळ, म्हणजे +५:३०. यादीत दिल्ली किंवा कोलकाता असे नाव असते. डेलाइट सेव्हिंग बंद. यादीत घाईने खालीवर बोट गेले की कराची निवडले जाते आणि अर्ध्या तासाची चूक होते, काठमांडू निवडले तर पाव तासाची. नंतर कोणी झोन बदलला तर काही कॅमेऱ्यांत वेळही आपोआप सरकते, म्हणून एकदा ठेवलेला झोन कोणाला बदलू देऊ नका.

संगणकावर जुळवायचे कसे?

डिजिकॅम हा फुकटचा प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतो. त्याच्यावर सांगतो.

आधी कार्डावरचे फोटो संगणकावर उतरवा आणि त्यांची एक प्रत बाजूला ठेवा. पहिल्या काही वेळा प्रतीवरच काम करा. ट्रॅकची जीपीएक्स फाइलही त्याच फोल्डरमध्ये आणा. डिजिकॅममध्ये त्या दिवसाचे सगळे फोटो निवडा, आयटम मेनूतून एडिट जिओलोकेशन उघडा आणि ट्रॅकशी मेळ घालण्याच्या पानावर जीपीएक्स फाइल चढवा. कॅमेऱ्याचा झोन +५:३० द्या. घड्याळाच्या फोटोवरून काढलेला फरक वेळेच्या दुरुस्तीत भरा. किती सेकंदांपर्यंतची तफावत चालवून घ्यायची, तो आकडा पायी फिरतीसाठी ६० ठेवा. मग कोरिलेट दाबा.

लगेच सेव्ह करू नका. नकाशावर खुणा दिसतील, त्यातल्या तीन ओळखीच्या निवडा. एक सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची. देवळाच्या पायरीवरचा फोटो देवळावरच पडला आहे, बंधाऱ्याचा बंधाऱ्यावर, असे दिसले तरच अप्लाय करा.

लाइटरूम क्लासिकच्या मॅप विभागातही ट्रॅक चढवता येतो. विंडोजवर जिओसेटर आहे. ज्यांना आज्ञा टाइप करायची भीती नाही त्यांनी एक्झिफटूल शिकावे. फिल हार्वे यांचे हे साधन फुकट आहे आणि हजारो फोटो एका ओळीच्या आज्ञेत उरकते. त्यात लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. जिओसिंकचा, म्हणजे घड्याळाच्या फरकाचा, आकडा फोटोच्या वेळेत मिळवला जातो, म्हणून कॅमेरा पुढे असेल तर तो उणे द्यायचा. आणि जवळचा बिंदू अर्ध्या तासापर्यंत दूर असला तरी ते मूळ सेटिंगवर चालवून घेते. तुटलेल्या ट्रॅकवर ही मुभा घातक आहे, ती कमी करा.

सगळे फोटो भलत्याच जागी पडले. चूक कशी ओळखायची?

चूक कुठे झाली ते फोटो कुठे पडले यावरूनच कळते.

ट्रॅकच्या रेघेवरच पण पुढेमागे सरकलेले असतील तर घड्याळाचा फरक चुकला. बहुधा अधिक-उणेची अदलाबदल झालेली असते. चिन्ह उलटून पाहा.

सकाळी ९ चा फोटो तुम्ही दुपारी अडीचला जिथे होता तिथे पडला, तर प्रोग्रामने कॅमेऱ्याची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली. साडेपाच तासांचा हा घोळ नवख्यांना हमखास भेटतो. ट्रॅकमधली वेळ कायम यूटीसीत असते, भारतीय वेळेपेक्षा ५ तास ३० मिनिटे मागे. झोनचा रकाना भरा, प्रश्न मिटला.

बारा तासांचा फरक दिसला तर कॅमेऱ्यात सकाळ-संध्याकाळची चूक आहे. २४ तासांची पद्धत निवडून टाका.

आकडे हाताने भरले असतील तर गंमत वेगळीच होते. आपला विदर्भ साधारण १८.५ ते २२ उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८१ पूर्व रेखांश यांच्या चौकटीत बसतो. एवढे पाठ असले की निम्म्या चुका डोळ्यांनीच पकडता येतात. नागपूर २१.१५ आणि ७९.०९. हेच आकडे उलटे भरले की खूण आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर जाते. पूर्वऐवजी पश्चिम लागले तर क्युबाच्या दक्षिणेला समुद्रात. दोन्ही रकान्यांत शून्य असेल तर आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात.

याहून लबाड चूक म्हणजे अंश-मिनिटे आणि दशांश यांची गल्लत. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५०. कोणी ते २०.३० असे लिहिले तर खूण २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते, पण विदर्भातच राहते. म्हणून ती कोणाला खटकत नाही आणि तशीच अहवालात जाते. वहीत आकडे उतरवताना नेहमी दशांशात, टिंबानंतर पाच आकडे लिहा. पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो.

पहाटे ५ च्या फोटोत जीपीएसची तारीख आदल्या दिवसाची दिसते. बिघाड आहे का?

नाही. १२ तारखेची पहाट ५ म्हणजे यूटीसीत ११ तारखेचे रात्री ११:३०. जीपीएसच्या रकान्यात तीच तारीख बसते. फोटो काढल्याची तारीख वेगळ्या रकान्यात आहे आणि ती बरोबर आहे. दुरुस्त करायला जाऊ नका.

जागा किती अचूक असते?

मोकळ्या वावरात, धुऱ्यावर उभे असाल तर चांगल्या फोनची चूक ५ मीटरच्या आसपास. सागाच्या दाट रानात पावसाळ्यात ती कितीतरी वाढते, कारण ओली पाने संदेश अडवतात. त्याच रानात उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर ट्रॅक सरळ येतो. डोंगराच्या घळीत, उंच भिंतीलगत खूण इकडेतिकडे उडते. अशा ठिकाणी एकाच जागी मिनिटभर थांबा, मग फोटो घ्या. विहीर, हातपंप, बंधारा ओळखायला ही अचूकता भरपूर आहे. दोन भावांच्या धुऱ्याचा वाद मात्र याने सोडवू नये. ते मोजणीचे काम आहे.

उंचीचा आकडा खरा मानायचा का?

नको. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. शिवाय काही फोन समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची देतात. आपल्याकडे या दोहोंत ५० मीटरहून जास्त फरक पडतो आणि गाव आहे त्यापेक्षा खाली दिसते. पाणी कुठून कुठे वाहील हे या आकड्यावरून ठरवू नका.

पक्षी तळ्याच्या पलीकडे होता. ठिकाण कोणाचे, माझे की पक्ष्याचे?

तुमचे. लिहिले जाते ते कॅमेरा उभा होता ते ठिकाण. लांब झूमने ३०० मीटरवरचा बगळा टिपला तर खूण तुमच्या पायाशी पडते. बहुतेक नोंदींना हे चालते, फक्त वर्णनात दिशा आणि अंदाजे अंतर लिहा, जसे “पाळीवरून ईशान्येला, २५० मीटर”. शिळावर्तुळ, कोसळलेला सांडवा अशा एका जागी असणाऱ्या गोष्टीसाठी शक्य असेल तर जवळ जाऊन एक फोनफोटो घ्या. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, नकाशावर अंदाजे खूण ठेवा.

दहा वर्षांपूर्वीचे फोटो आहेत, ट्रॅक नाही. काही करता येईल?

येईल, वेळ लागतो. फोटो नकाशावर ओढून ठेवण्याची सोय डिजिकॅम, जिओसेटर, लाइटरूम तिघांतही आहे. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे उघडून फोटोतली चिंचेची रांग, विहिरीचे कठडे, पांदणीचे वळण शोधा. गावातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवले तर काम निम्म्या वेळात होते. हाताने ठेवलेल्या खुणेच्या वर्णनात “अंदाजे” लिहायला विसरू नका. नाहीतर पुढचा माणूस ती मोजलेली समजेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर ठिकाण गायब होते. का?

फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करते आणि एक्झिफमधले ठिकाण काढून टाकते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. ईमेल, पेन ड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांनीही चालते. मोबाइलवरून एखाद्या वेबसाइटवर चढवतानाही अँड्रॉइड कधीकधी ठिकाण लपवते. महत्त्वाचे फोटो संगणकावरून चढवा आणि पलीकडे एक उघडून खात्री करा.

सरकारी कामाला असा फोटो चालतो का?

ई-पीक पाहणीसारख्या कामांत फोटो त्या-त्या अ‍ॅपमधून, जागेवर उभे राहूनच काढावा लागतो. कॅमेऱ्याचा फोटो तिथे घेतला जात नाही. अर्ज, तक्रार, ग्रामसभेचा ठराव यांना जोडायचा असेल तर कॅमेऱ्याचा फोटो जरूर जोडा, पण कागदावर छापल्यावर एक्झिफ दिसत नाही. फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख, गट नंबर लिहा आणि मूळ फाइल न बदलता जपून ठेवा. चित्रावरच पत्ता छापणारी अ‍ॅपे सोयीची खरी, पण छापलेली अक्षरे कोणीही बनवू शकतो आणि ती चित्राचा कोपरा कायमचा खातात.

कोणते ठिकाण जाहीर करू नये?

गोंदिया-भंडाऱ्यात सारस धानाच्या बांधीत घरटे करतो. त्या घरट्याचा फोटो पाच दशांशांच्या ठिकाणासह समाजमाध्यमावर टाकला की दुसऱ्या दिवशी बांधीत माणसे उभी राहतात, धान तुडवले जाते आणि जोडी घरटे सोडू शकते. वाघिणीची पिल्ले, गिधाडांची घरटी, उघड्यावर पडलेली जुनी शिल्पे यांनाही हाच नियम लावा. स्वतःजवळच्या मूळ फाइलमध्ये पूर्ण ठिकाण ठेवा, बाहेर द्यायच्या प्रतीतून काढून टाका. डिजिकॅम आणि एक्झिफटूल दोन्हींत ठिकाण पुसण्याची सोय आहे. वर्णनात फक्त तालुका लिहा. एखाद्याच्या घराचा, विहिरीचा फोटो असेल तर त्यांना विचारून मगच ठिकाणासह द्या.

फोटोत ठिकाण बसले. आता ट्रॅकची फाइल पुसून टाकू का?

ठेवा. एक एमबीची फाइल आहे. घड्याळाचा फरक चुकला होता असे सहा महिन्यांनी कळले तरी ट्रॅक असेल तर सगळे पुन्हा जुळवता येते. नाव तारखेने द्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, पुढे गावाचे नाव, आणि ती फोटोंच्याच फोल्डरमध्ये घड्याळाच्या त्या दोन फोटोंसोबत असू द्या. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरी.